बाबा जेवायला आले ती दुपार

बाबांना पुरून वर्ष झालं आणि ते परत यायची तयारी सुरू झाली.

आमच्याकडे माणूस एकदा पुरून भागत नाही. पहिल्यांदा पुरतात ते अंगाला. मग वर्षाने, पैसा जमला की, मोठं कार्य करतात ते त्याच्या नावाला. त्या कार्यात गेलेला माणूस एका दुपारी वारुळातून बाहेर येतो, आपल्या अंगणात उभा राहून मुलाबाळांना नावाने हाक मारतो, बायकोच्या हातचं ताट उचलतो आणि कायमचा जातो. त्याला आम्ही पितर म्हणतो. पितराच्या अंगावर वाळल्या गवताचा घोळदार झगा असतो, तोंडावर लाकडी चेहरा असतो, डोक्यावर गेलेल्या माणसाची स्वतःची टोपी असते. आत कोण असतं ते बायकांना माहीत नसतं. म्हणजे बायकांना माहीत नसतं असं पुरुषांना वाटतं, आणि पुरुषांना असं वाटतं हे बायकांना माहीत असतं. अमाओक्वे गावाची शांतता या एका समजुतीवर पिढ्यान् पिढ्या टिकली आहे. ती मोडायला मी या वयात कशाला जाऊ? तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात आत कोण होतं हे मला माहीत नाही, एवढं आधीच नोंदवून ठेवते.

मी तेव्हा घराण्याची थोरली लेक होते, अदा होते, आणि ते पद माझ्या अंगात पुरेपूर भिनलेलं होतं. नवऱ्याच्या घरी मला फारसं कोणी विचारत नसे. माझ्या कालवणात मीठसुद्धा सासू स्वतः घालायची, माझा अंदाज चुकतो म्हणून. पण माहेरच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की सुना लगबगीने उठायच्या, स्टूल पुसायच्या, आणि मी त्यावर अशी बसायचे की जणू स्टूलच माझ्या येण्याची वर्षभर वाट पाहत होतं. कार्याला आम्ही माहेरवाशिणी चार दिवस राहायला आलो होतो. माहेरवाशिणी राहायला आल्या की त्या जेवतात, उणं काढतात आणि निवाडे देतात. मी तिन्हींत वाकबगार होते.

या खेपेचा निवाडा होता ओयिमाचा.

आई गेल्यावर बाबांनी एनुगूला रेल्वेत पुष्कळ वर्षं एकट्याने काढली. निवृत्त होऊन ते गावी परतले तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती, भिंतीवरचं एक घड्याळ होतं आणि ओयिमा होती. ओयिमा नसुक्काच्या डोंगरांतली. स्टेशनात फलाटावर ओक्पा विकायची. ओक्पा म्हणजे भुईतल्या एका शेंगेच्या पिठात लाल तेल नि मिरची घालून केळीच्या पानात उकडलेला पिवळा गोळा. डोंगराकडच्या गरिबांचं खाणं. आमच्याकडे कंद कुटून खाणारे लोक त्याला नाक मुरडत. बाबा बारा वर्षं रोज सकाळी तिच्याकडचा ओक्पा खात होते आणि शेवटी, रोज फलाटावर जाण्यापेक्षा हे बरं म्हणून की काय, त्यांनी तिच्याशी लग्न केलं. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. रीतीने मी तिला धाकटी आई म्हणायला हवं होतं. मी तिला 'अगं' म्हणत असे.

तिची डोंगराकडची बोली ऐकून आम्ही पोटं धरून हसायचो. ती 'काय करून राहिले' म्हणाली की आम्ही बहिणी एकमेकींना दिवसभर तेच विचारत फिरायचो. माझा भाऊ इफेदी, बाबांचा थोरला मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा, तर तिची नक्कल इतकी हुबेहूब करायचा की ताडीच्या बैठकीत लोक त्याला खास त्यासाठी बोलवत. पुढेपुढे बाबासुद्धा तिच्यासारखंच बोलू लागले. मग इफेदी बाबांचीही नक्कल करू लागला. ती बाबांच्या माघारी.

ओयिमाला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. तिचं मातीचं घर अंगणाच्या उजव्या हाताला, रस्त्याच्या बाजूने होतं, आणि इफेदीला तिथेच सिमेंटचं दुमजली घर बांधायचं होतं. ओनित्शाला त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुमजली घराशिवाय त्या दुकानाला शोभा नाही असं त्याचं म्हणणं. पण बापाच्या विधवेला मुलगा घराबाहेर काढू शकत नाही. ते फक्त बाप करू शकतो. पितराने तिचं ताट उचललं तर तिच्या चुलीचे तीन दगड तिच्या मरणापर्यंत कोणी हलवायचे नाहीत. ताटाकडे पाठ फिरवली तर तिने मुलींना घेऊन आपल्या माहेरी परतायचं. पितराने पाठ फिरवल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. इफेदीने ठरवलं होतं की आता आठवेल.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी आम्ही माहेरवाशिणी सगळ्या त्याच्याच बाजूने होतो. माझी पाठची बहीण म्बाफो हिचा ओयिमाच्या मोठ्या हंड्यावर डोळा होता. मला बाबांचं घड्याळ हवं होतं, जे ओयिमाच्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि चालत नव्हतं. घराण्याची अब्रू, मुलगा नसणं, डोंगराकडच्या लोकांचे संस्कार वगैरे पुष्कळ बोललो आम्ही. हंडा आणि घड्याळ हे शब्द कोणी काढले नाहीत. चांगल्या घरच्या लेकी होतो.

भानगड झाली ती पितराला मिळणाऱ्या निरोपांवरून.

खालच्या आळीत बाबांच्याच उंचीचा एक माणूस होता. काम त्याच्याकडे येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे आम्हा बायकांना ठाऊक नव्हतं. इफेदीने त्याच्याकडे बोकड पाठवला आणि निरोप दिला की पितराने ताट थंड आहे म्हणून पाठ फिरवावी. म्बाफोच्या नवऱ्याने कंदांची पाटी पाठवली, हंड्याबद्दल. माझ्या नवऱ्याने कोंबडा नेला. घड्याळ थोरल्या लेकीकडे जावं असं पितराने सहज बोलता बोलता म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. धाकटा भाऊ मादुका यानेही काहीतरी नेलं. काय आणि कशासाठी ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी कडाडून ताप भरला. बाबांचे भाऊ न्वेके काका पितरांच्या मंडळाचे प्रमुख; त्यांनी आणखी दोघांना विचारलं. त्यांनाही ताप आला. काकूंनी ओढ्यावर आम्हाला सांगितलं की हे म्हणतात, एवढ्या लोकांचा बाप व्हायला एक माणूस पुरायचा नाही.

त्याच संध्याकाळी इफेदी आणि न्वेके काका कोठाराच्या मागे बराच वेळ बोलत उभे होते. मग काकू आमच्याकडे आल्या, बसल्या, तपकीर ओढली, आणि म्हणाल्या की इफेदी परवा दुपारी शेतावर जाणार आहे, कंदांच्या रोपांना पाणी द्यायला.

कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. जमिनीत एक रोप नव्हतं. आणि बाप परत येणार त्या दुपारी थोरला मुलगा शेतावर जाणार होता. आम्ही काकूंकडे पाहिलं, काकूंनी आमच्याकडे पाहिलं, आणि मी म्हणाले की हो, कामाचा फार आहे तो. म्बाफोला उचकी लागली ती पाणी पिऊनही थांबेना.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. इफेदी स्वतः आत जाणार, बाबांच्या आवाजात ओयिमाला घालवणार, आणि आम्ही बायका पदर तोंडाला लावून ते बघणार. मग गाय कापली.

कार्याच्या गाईचा कमरेचा वाटा माहेरवाशिणींचा. ही रीत गाईंनाही माहीत असावी. त्या दिवशी म्बाफोने पाटी घेऊन जाऊन विचारलं तर खाटकाने मानेचा तुकडा दिला. कमर इफेदीने वेगळी काढून आपल्या एका ठेकेदार मित्राकडे पाठवून दिली होती, दुमजली घराचा ठेका ज्याला द्यायचा होता त्याच्याकडे.

मी उठले. स्टूल कोणी पुसायची वाट न पाहता उठले, यावरून समजा. इफेदी अंगणात ढोलवाल्यांशी बोलत होता. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं की आमचा वाटा कुठे आहे.

"अदा, एवढ्याशा मांसासाठी भांडतेस?" तो म्हणाला. "पाठवतो दुसरं काहीतरी."

"मांसासाठी नाही. मी काय तुझ्याकडे जेवायला आलेय?"

"दोन दिवस जेवतेच आहेस की," तो म्हणाला, आणि ढोलवाले हसले.

पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आले की त्या दिवशी एका निराधार विधवेवरचा अन्याय मला पाहवला नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. मला पाहवले नाहीत ते हसणारे ढोलवाले.

मी तशीच ओयिमाच्या स्वयंपाकघरात शिरले. ती चुलीशी बसून पीठ चाळत होती. मुली बाहेर केळीची पानं पुसत होत्या. सवयीने मी तिच्याच बोलीत, चिडवायच्या सुरात, काय करून राहिली म्हणून विचारलं. तिने मात्र साध्या प्रश्नाला द्यावं तसं साधं उत्तर दिलं, की उद्यासाठी ओक्पा करतेय. मला एकदम अडाण्यासारखं वाटलं. मी सांगितलं की पितराला ओक्पा देत नाहीत. कंद कुटून देतात, सोबत कडू पाल्याचं कालवण, त्यात कोंबडी. रीत आहे.

"कंद कुटला की थंड होते, अदा," ती म्हणाली. "ढोल थांबेपर्यंत पार गार. अन् त्यायनं गार कंद कधी तोंडात घातला नाही, हे साऱ्या गावाले माहीत हाय. मंग पितरानं पाठ फिरवली तर कोण काय म्हणन?"

बोकडाचा निरोप तिला कोणी सांगितला नव्हता. ती नुसती घरात बसून होती, आणि आम्ही सगळे तिच्याभोवती मोठ्याने कुजबुजत फिरत होतो.

"आणि हा?" मी पिठाकडे बोट केलं.

"हा तर ते गारच खायचे. गाडी सुटाच्या घाईत ऊन ऊन कोण खाते? सारं इस्टेशन पाहत होतं. आपल्या गावचेही पाहत होते, सुटीवर येणारे जाणारे."

कल्पना उत्तम आहे असं मी म्हणाले, आणि थोड्याच दिवसांत ती माझीच कल्पना झाली. अजूनही नातवंडांना मी तशीच सांगते. पण पीठ आधीच चाळून झालं होतं हे इथे लिहायला हरकत नाही, ती वाचणार नाहीत.

मी निघाले तेव्हा तिने मागून हाक मारली. चाळणी खाली ठेवली होती. तिचं माहेर युद्धात जळालं होतं, भाऊ परतले नव्हते. तिला परत पाठवायचं म्हणजे कुठे, हे आम्हा कोणाच्या बोलण्यात तीन दिवसांत आलं नव्हतं.

"नाहीच उचललं त्यायनं," ती म्हणाली, "तर मी लगेच निघू, की पोरींचा शाळेचा दाखला घेऊन मंग?"

मी म्हणाले, "तेल जरा जास्त घाल," आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं आणि लोखंडी घंटा वाजली. गाव अंगणात लोटलं होतं. आम्ही बायका रीतीप्रमाणे भिंतीला लागून, जमिनीकडे बघत. जमिनीकडे बघता बघता किती दिसतं ते पुरुषांना कधी कळलं नाही. न्वेके काका पुढे आले, हातात पंखा, आणि त्यांच्यामागे बाबा आले. लाल टोपी बाबांची. गरुडाचं पीस बाबांचं. हातातला दांडा बाबांचा. चाल तेवढी बाबांची नव्हती. बाबा चवडे आत वळवून चालायचे, हे चवडे बदकासारखे बाहेर. माझ्या शेजारच्या सुनेच्या, म्हणजे इफेदीच्या बायकोच्या, खांद्यांना कंप सुटला. मी तिला कोपर मारलं आणि मोठ्याने म्हणाले की बघा, बाबा किती सुधारलेत तिकडे.

आत काय चाललं होतं ते मला कळायचं कारण नाही. पण समजा, आत कोणी माणूस असताच, ओनित्शाला पंख्याखाली बसणारा, पोट सुटलेला, चर्चच्या कमिटीवर असलेला, तर त्याला त्या गवतात श्वास घेता येत नसणार. लाकडी चेहऱ्याच्या भोकांतून त्याला अंगणाचे दोन तुकडे दिसत असणार. तोंडात कोळ्याच्या जाळ्याचा पापुद्रा लावलेली नळी, जिच्यातून आवाज किनरा आणि दुरून आल्यासारखा होतो. आणि डोक्यात पाठ केलेली चार वाक्यं. त्यातलं पहिलंच चुकलं.

पितराने पहिली हाक थोरल्या मुलाला द्यायची. थोरला घरात असो, नसो, परदेशी असो, पहिलं नाव त्याचं. ढोल थांबले, पितराने दांडा आपटला आणि हाक मारली, "मादुका."

मादुका घाबरून पुढे आलाच नाही. न्वेके काका खोकले, पुन्हा खोकले. पण स्वतःला हाक मारायची सवय कोणाला असते? आतल्या माणसाने, असलाच तर, समोर मुलगे पाहिले, त्यांत सगळ्यात मोठा मादुका दिसला. लोकांत कुजबुज सुरू झाली. आकुन्नेने थोरल्याला टाकलं. सरळ टाकलं. आकुन्ने म्हणजे बाबा. गाव त्यांना त्याच नावाने ओळखायचं.

पितर पुढे गेला. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अदा, तुझी जीभ अजून तोंडात मावते ना?" लोक पोटभर हसले. बाबा अगदी असंच म्हणाले असते, आणि इफेदीही असंच म्हणाला असता. दोघांतलं कोण बोललं याचा मी अजून निकाल लावलेला नाही. घड्याळाचा विषय निघाला नाही. कोंबडा वाया गेला.

मग पितर ओयिमासमोर आला.

ती गुडघ्यांवर बसली होती. मुली दोन बाजूंना. समोर झाकलेलं ताट. गावाला आता बाबांची बोली ऐकायची होती, त्यांच्या शेवटच्या वर्षांतली, डोंगराकडची, कारण बायकोशी ते त्याच बोलीत बोलायचे. आणि मंडळातल्या कोणाला ती येत नव्हती, एकट्या इफेदीला सोडून. त्याने ती दहा वर्षं घोटली होती, लोकांना हसवण्यासाठी.

"ओयिमा," पितर म्हणाला, "काय करून राहिली वं?"

कोणी हसलं नाही. तो ताडीच्या बैठकीतलाच सूर होता, हेल तोच, 'राहिली'वरची ओढ तीच. पण समोर ओयिमा बसली होती, आणि टोपी बाबांची होती, आणि बाबा संध्याकाळी दारातून अगदी असंच विचारायचे. ओयिमाने मान वर केली, जी पितरासमोर वर करायची नसते, आणि म्हणाली, "तुमचीच वाट पाहून राहिली होती."

पितर उभाच राहिला. नळीतून नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटतं, स्वतःच्या गळ्यातून बाप बोलला तर माणूस दचकत असेल. पण मग त्याला आपलं काम आठवलं असावं. त्याने दांडा वर केला आणि किनऱ्या आवाजात सुरुवात केली, "हे ताट थंड..."

ओयिमाने झाकण काढलं. केळीच्या पानात बांधलेला ओक्पा.

मागून एक म्हातारा मोठ्याने हसला. बाबांबरोबर रेल्वेत होता, वाफेच्या इंजिनांवर. "आकुन्ने," तो ओरडून म्हणाला, "गार ओक्पा तुला कधीपासून चालेना रे?"

आता कठीण झालं. बाबांनी ओक्पा नाकारला असं गावात कोणी मान्य केलं नसतं. पितराने नाकारला तर पितर बाबा नव्हता, मग तो कोण होता, असा प्रश्न निघाला असता, आणि तो प्रश्न आमच्या गावात कधीच निघालेला नाही. न्वेके काकांचा पंखा थांबला. मी म्बाफोला डोळा घातला, आणि आम्ही माहेरवाशिणींनी गाणं धरलं, जेवून जा बाबा, वाट लांबची आहे. मोठ्याने धरलं. कमरेच्या वाट्याएवढं मोठ्याने.

पितर ताटाकडे पाहत होता. घाबरून, की आवाज अजून घशात होता म्हणून, मला सांगता येणार नाही. तो वाकला. ताट उचलून काकांकडे द्यायचं, एवढीच रीत. त्याने पान सोडलं, तुकडा मोडला, झग्याखालून हात वर नेला आणि खाल्ला. पितर सगळ्यांसमोर खात नाही. आमच्या गावात असं कधी झालं नव्हतं. त्याने दुसरा तुकडा मोडला.

न्वेके काकांनी घाईघाईने जाहीर केलं की ताट उचललं, चुलीचे दगड हलणार नाहीत, आणि ढोलवाल्यांना खूण केली. ओयिमा तिथेच जमिनीवर कलंडली. तिच्या मुली तिला उठवू लागल्या, तर ती म्हणाली, राहू द्या, थोडा वेळ मले इथंच राहू द्या.

दिवेलागणीला इफेदी शेतावरून परत आला. आम्ही सगळे ओयिमाच्या ओसरीवर बसलो होतो. त्याने पाणी मागितलं आणि तांब्यामागून तांब्या रिकामा केला. शेतावर फार ऊन होतं म्हणाला. आम्ही म्हणालो, असणारच.

पितर आला तेव्हा जो घरी नव्हता, त्याला सगळं सांगायचं असतं, आणि त्याने ते मध्ये न बोलता ऐकायचं असतं. सांगायचं काम थोरल्या लेकीचं. आयुष्यात इतक्या आनंदाने मी दुसरं कुठलंच कर्तव्य केलेलं नाही. मी सांगितलं की बाबा आले, ओयिमाचं ताट उचललं, जेवलेसुद्धा. इफेदीने मान हलवली. मग मी सांगितलं की बाबांना कमरेच्या वाट्याचं फार वाईट वाटलं, आणि उद्या माहेरवाशिणींसाठी एक अख्खा बोकड कापावा असं ते म्हणाले.

"असं म्हणाले?" इफेदीने विचारलं.

"स्पष्ट."

तो मादुकाकडे वळला. मादुका स्वतःच्या पायाची नखं बघत होता. म्बाफो म्हणाली की पावसाआधी ओयिमाच्या छपराला नवे पत्रे घालायचे, हे राहिलं सांगायचं. इफेदीने न्वेके काकांकडे पाहिलं. काका काय बोलणार होते? काका म्हणाले की त्यांचे कान आता म्हातारे झालेत, बायकांना जास्त नीट ऐकू येतं.

"बरंच बोलले म्हणायचे बाबा," इफेदी म्हणाला. "मला वाटायचं, पितर फार बोलत नाहीत."

मी घड्याळाकडे वळणारच होते. तेवढ्यात त्याने पायावरची धूळ झटकायला सुरुवात केली. धूळ निघाली तरी तो झटकतच राहिला.

"वाटेत लोक म्हणत होते," तो खाली बघत म्हणाला, "पहिलं नाव मादुकाचं घेतलं म्हणून."

मादुकाने पाय पोटाशी ओढून घेतले.

"माझं घेतलं का मागाहून?"

घेतलं नव्हतं, हे अख्ख्या गावात त्याच्याइतकं कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. उद्याच्या बाजारात ते आणखी चार गावांना कळणार होतं. थोरला मुलगा बापाने टाकलेला. त्याला कोणी सभेत पुढे बसवणार नव्हतं, त्याच्या हातून कोणी मानाचं कोलाफळ घेणार नव्हतं. तिथे चाळिशीचा, घामेजलेला, बापाला हरवून बसलेला माझा धाकटा भाऊ होता, आणि मी बोकड मागत होते.

ओयिमा चुलीपासून उठली आणि दारात आली.

"घेतलं ना," ती म्हणाली. "तुम्ही नव्हते, म्हणून हळूच घेतलं. माह्यापाशी वाकले तवा."

इफेदीने वर पाहिलं. "काय म्हणाले?"

"म्हणाले, इफेदी थकून येईल. त्याले आधी वाढ."

मी म्हणाले, मीही ऐकलं. म्बाफो म्हणाली तिनेही ऐकलं, आणि मादुका म्हणाला त्यानेही. न्वेके काका म्हणाले की त्यांनी तर सगळ्यांच्या आधी ऐकलं होतं.

ओयिमाने तांब्या पुढे केला, आणि इफेदीने हात धुतले.